समन्स हाती आले म्हणजे : वाहनचालकांसाठी न्यायालयीन मार्गदर्शन

न्यायालयाचा शिक्का असलेला कागद घरी आला की सामान्य कुटुंबात काळजीचे वातावरण पसरते. ज्या घरातील कोणी कधी कोर्टाची पायरी चढलेले नाही, तेथे तर असा कागद म्हणजे बेअब्रूच मानली जाते. वास्तविक, मोटार वाहन कायद्याखाली निघालेल्या समन्सची वेळीच दखल घेतली, तर ते प्रकरण थोडक्यात निकालात निघू शकते. परंतु भीतीपोटी किंवा आळसापोटी तो कागद कपाटात ठेवून दिला, तर किरकोळ दंडाचे प्रकरण वॉरंटापर्यंत जाऊन पोहोचते. गोव्यात आज घरोघरी दुचाकी आहे. टेम्पो, टॅक्सी, प्रवासी बस आणि भाड्याची मोटारसायकल चालविणारे ‘पायलट’ यांच्यावर अनेक कुटुंबांची चूल पेटते. अशा चालकांच्या दृष्टीने प्रश्न केवळ दंडाच्या रकमेचा नसतो. परवान्याचा, म्हणजेच रोजीरोटीचा असतो. म्हणून न्यायालयापुढे हजर राहण्यासंबंधीची माहिती प्रत्येक वाहनचालकास असणे अगत्याचे आहे.

एक उदाहरण घेऊ. सत्तरी तालुक्यातील एक टेम्पोचालक शुक्रवारच्या बाजारासाठी नारळ आणि सुपारी घेऊन म्हापशास आला. गर्दी टाळावी म्हणून त्याने एकेरी वाहतुकीच्या रस्त्यावर उलट्या दिशेने टेम्पो घातला आणि वाहतूक पोलिसाने त्यास अडविले. जागच्या जागी दंड भरून आपण मोकळे होऊ, अशी त्याची कल्पना होती. परंतु प्रकरण न्यायालयात पाठविले जाईल, असे त्यास सांगण्यात आले. असे का झाले आणि पुढे त्याने काय करावयास हवे, हे क्रमाने पाहू.

जागेवर मिटणारे व न मिटणारे गुन्हे

सध्याचा मोटार वाहन कायदा 1988 सालचा असून तो 1 जुलै 1989 पासून अंमलात आला. 2019 साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि दंडाच्या अनेक वाढीव तरतुदी 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झाल्या. या कायद्याच्या कलम 200 नुसार काही गुन्ह्यांच्या बाबतीत राज्य शासनाने अधिसूचित केलेला अधिकारी, ठरवून दिलेली रक्कम घेऊन तडजोड करू शकतो. हेल्मेट नसणे, सीटबेल्ट न लावणे, दुचाकीवर तिघांनी बसणे, वेगमर्यादा ओलांडणे, विम्याविना वाहन चालविणे, वाहन चालविताना मोबाईल हातात धरणे हे गुन्हे या प्रकारात मोडतात. रक्कम भरून पावती घेतली की त्या गुन्ह्याबद्दल न्यायालयात कारवाई होत नाही.

याउलट, मद्यप्राशन करून वाहन चालविण्याच्या गुन्ह्यात अशी तडजोड होत नाही. रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, 10,000 रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास कारावासाची मर्यादा दोन वर्षे आणि दंड 15,000 रुपये असा वाढतो. धोकादायक रीतीने वाहन चालविण्याचे कलम 184 हेही, मोबाईलचा अपवाद सोडल्यास, न्यायालयातच जाते. लाल दिवा ओलांडणे, थांब्याच्या चिन्हाकडे दुर्लक्ष करणे आणि वाहतुकीच्या उलट दिशेने जाणे या गोष्टींचा 2019 पासून या कलमात स्पष्ट उल्लेख आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. उदाहरणातील टेम्पोचालकाचा गुन्हा याच कलमाखाली येतो, आणि म्हणूनच तो जागेवर मिटला नाही.

तडजोडीविषयी आणखी एक गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. तडजोडीची रक्कम भरली म्हणजे गुन्हा पुसला गेला असे होत नाही. 2019 च्या दुरुस्तीनुसार तसाच गुन्हा पुन्हा घडल्यास आधीची तडजोड हा पूर्वीचा गुन्हा म्हणून धरला जातो आणि दुसऱ्या वेळची वाढीव शिक्षा लागू होते.

समन्स कसे वाचावे

समन्स हाती येताच प्रथम चार गोष्टी पाहाव्यात : न्यायालयाचे नाव व ठिकाण, हजर राहण्याची तारीख व वेळ, खटल्याचा क्रमांक आणि ज्या कलमाखाली आरोप आहे ते कलम. खटला साधारणपणे गुन्हा जेथे घडला तेथील न्यायालयात चालतो, चालकाच्या गावी नव्हे. सत्तरीच्या टेम्पोचालकास म्हापशाच्या न्यायालयात जावे लागते. त्याचप्रमाणे सावंतवाडी, दोडामार्ग किंवा खानापूरहून गोव्यात येणाऱ्या चालकांसही येथील न्यायालयापुढे यावे लागते.

चालक घरी नसल्यास समन्स कुटुंबातील प्रौढ व्यक्तीच्या हाती देता येते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत यासाठी केवळ प्रौढ पुरुष असा उल्लेख होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हा भेद राहिलेला नाही. त्यामुळे आई, पत्नी किंवा प्रौढ बहीण यांनी स्वीकारलेले समन्सही चालकापर्यंत पोहोचले असे मानले जाऊ शकते. ‘मी घरी नव्हतो’ हे कारण मग पुरेसे ठरत नाही. घरातील सर्वांनी असा कागद त्याच दिवशी संबंधित व्यक्तीच्या हाती द्यावा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 208 अन्वये काही समन्सवर आणखी एक पर्याय लिहिलेला असतो. ज्यास गुन्हा मान्य असेल त्याने ठरलेल्या तारखेपूर्वी न्यायालयाने नमूद केलेली रक्कम मनीऑर्डरने पाठवावी आणि गुन्हा मान्य असल्याचे मनीऑर्डरच्या कूपनवरच लिहावे, असा हा पर्याय आहे. ज्या गुन्ह्यांना केवळ दंडाचीच शिक्षा आहे, त्यांच्या समन्सवर हा पर्याय देणे न्यायालयावर बंधनकारक आहे; कारावासाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत तो द्यावा की नाही हे न्यायालय ठरविते. समन्समध्ये परवाना पाठविण्यास सांगितले असेल तर तोही पाठवावा लागतो. सर्व अटी पाळल्यास त्या गुन्ह्याबाबत पुढील कारवाई होत नाही. समन्सवर हा पर्याय नसेल तर मात्र आपल्या मनाने रक्कम पाठवून घरी बसू नये.

अलीकडे कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांची चलने मोबाईलवर येतात. अशा संदेशांच्या नावाखाली फसवणूकही होत असल्याने, संदेशातील दुव्यावरून पैसे न भरता शासनाच्या अधिकृत परिवहन संकेतस्थळावर वाहनाचा क्रमांक घालून खात्री करून घ्यावी. शंका असल्यास जवळच्या वाहतूक पोलीस कक्षात विचारणा करावी. कोणत्याही मध्यस्थाच्या हाती पैसे देऊ नयेत आणि पावतीशिवाय रक्कम भरू नये.

गैरहजेरीचे परिणाम

समन्स पोहोचल्यानंतरही आरोपी हजर न राहिल्यास न्यायालय वॉरंट काढू शकते. ते प्रथम जामीनपात्र असू शकते आणि त्याचीही दखल न घेतल्यास अजामीनपात्र वॉरंट निघू शकते. अशा वेळी पोलीस घरी येतात, कामाचा दिवस बुडतो, जामीनदार शोधावा लागतो आणि मूळ दंडापेक्षा अधिक खर्च होतो. उदाहरणातील टेम्पोचालकास एखाद्या शेजाऱ्याने ‘जाऊ नकोस, आपोआप मिटेल’ असा सल्ला दिला, तर तो सल्ला त्यास सर्वांत महाग पडेल.

आजारपण, घरातील मृत्यू अथवा अन्य खरी अडचण असल्यास वकिलामार्फत गैरहजेरीची माफी मागता येते. योग्य कारण दिसल्यास प्रत्यक्ष हजेरीऐवजी वकिलाने हजर राहण्यास न्यायालय परवानगी देऊ शकते. अर्ज मात्र तारखेच्या दिवशी किंवा तत्पूर्वीच द्यावा. चुकून तारीख टळलीच असेल, तर वॉरंटाची वाट न पाहता स्वतः न्यायालयापुढे जाऊन कारण सांगणे श्रेयस्कर होय.

तारखेच्या दिवशी

न्यायालयात वेळेपूर्वी पोहोचावे. सोबत समन्स, चालक परवाना, वाहनाचे नोंदणीपत्र, विमापत्र, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि यापूर्वी भरलेल्या दंडाच्या पावत्या असाव्यात. पोलिसांनी परवाना घेतला असल्यास त्याबद्दल दिलेली पोचपावती जपून ठेवावी. त्या पावतीवर नमूद केलेल्या मुदतीपर्यंत, अथवा तत्पूर्वी परवाना परत मिळेपर्यंत, वाहन चालविता येते. 2018 सालच्या नियमदुरुस्तीपासून ही कागदपत्रे मोबाईलवरील शासकीय डिजिलॉकरमधूनही रस्त्यावर दाखविता येतात. तथापि न्यायालयात जाताना छापील प्रती जवळ असलेल्या बऱ्या.

नावाचा पुकारा होईपर्यंत जवळपासच थांबावे आणि मोबाईल बंद ठेवावा. पुकारा झाल्यावर दंडाधिकारी आरोपाचा सारांश सांगतात आणि दोनच गोष्टी विचारतात : गुन्हा मान्य आहे काय, अथवा बचावासाठी काही सांगावयाचे आहे काय. या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. आरोप कोणता, कोणत्या दिवशीचा व कोणत्या वाहनाचा हे नीट समजून घ्यावे. भाषा समजली नाही तर तसे स्पष्टपणे सांगावे. साक्षीदाराची साक्ष आरोपीस न समजणाऱ्या भाषेत झाली, तर ती त्यास समजणाऱ्या भाषेत उघड न्यायालयात सांगितली गेली पाहिजे, असा कायदाच आहे. इंग्रजी येत नाही याचा संकोच बाळगण्याचे काहीएक कारण नाही. न समजता मान डोलावणे हेच अधिक घातक असते.

गुन्हा मान्य करण्यापूर्वी

गुन्हा मान्य केल्यास त्याची नोंद होते आणि न्यायालय त्या आधारे दोषी ठरवून शिक्षा देऊ शकते. त्यानंतरच्या अपिलात साधारणपणे शिक्षेचे प्रमाण अथवा तिची कायदेशीरता एवढाच मुद्दा उरतो. ‘मी ते केलेच नव्हते’ असे म्हणण्याची वाट बंद होते. म्हणून गुन्हा खरोखर घडला असेल तर तो सरळ मान्य करावा, आपली परिस्थिती नम्रपणे सांगावी आणि दंडाबाबत सवलतीची विनंती करावी. परंतु ज्यास आरोप खोटा वा चुकीचा वाटतो, त्याने ‘लवकर सुटू’ एवढ्याच विचाराने तो मान्य करू नये. गुन्हा अमान्य करणे म्हणजे न्यायालयाचा अवमान नव्हे. तो प्रत्येक आरोपीचा हक्क आहे. अशा वेळी आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. पोलिसांच्या व अन्य साक्षीदारांच्या साक्षी होतात, त्यांची उलटतपासणी घेता येते आणि आपले साक्षीदार व कागदपत्रे सादर करता येतात. यासाठी काही तारखा पडतील, ही गोष्ट मात्र आधीच ध्यानात घ्यावी.

अतिवेग व धोकादायक चालन या दोन गुन्ह्यांच्या बाबतीत कायद्याने चालकास एक संरक्षण दिले आहे. खटल्याचा विचार होईल अशी ताकीद गुन्ह्याच्या वेळीच दिलेली असावी, अथवा 14 दिवसांच्या आत तशी नोटीस किंवा 28 दिवसांच्या आत समन्स बजावलेले असावे, असे कलम 209 सांगते. चालकाचा ठावठिकाणा वेळेत लागू शकला नाही, किंवा त्याच्याच वागण्यामुळे विलंब झाला, तर मात्र हा बचाव चालत नाही.

दंड एकरकमी भरणे अशक्य असल्यास तसे न्यायालयास सांगावे. केवळ दंडाची शिक्षा झाली असेल आणि रक्कम लगेच भरता येत नसेल, तर ती 30 दिवसांच्या आत किंवा दोन वा तीन हप्त्यांत भरण्याची सवलत न्यायालय देऊ शकते. ही सवलत न मागता निघून गेल्यास दंड न भरल्याबद्दलची कैद भोगण्याची वेळ येऊ शकते.

परवान्याचा प्रश्न

दंड आणि परवाना या दोन स्वतंत्र बाबी आहेत. हेल्मेट न घालण्याबद्दल कायद्यात 1,000 रुपये दंड सांगितला आहे, आणि त्याबरोबरच परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरविण्याचीही तरतूद आहे. दुचाकीवर तिघे बसविल्यासही तसेच आहे. अतिवेग, धोकादायक चालन, मद्यप्राशन, रुग्णवाहिकेस वाट न देणे इत्यादी गुन्ह्यांत पोलीस अधिकारी परवाना ताब्यात घेऊन तो परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. तडजोडीची रक्कम भरल्याने ही कारवाई टळत नाही.

परवाना प्राधिकाऱ्याची नोटीस आल्यास तिला लेखी उत्तर द्यावे आणि सुनावणीस हजर राहावे. अपात्रतेचा आदेश देण्यापूर्वी चालकाचे म्हणणे ऐकून घेणे आणि आदेशाची कारणे लेखी नोंदविणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. आदेश मान्य नसल्यास तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येते. अपात्रतेच्या काळात ‘गावातल्या गावात’ म्हणून वाहन चालविणे हा स्वतंत्र आणि अधिक गंभीर गुन्हा आहे. ज्याचे पोट टेम्पोवर अवलंबून आहे, त्याने तर तीन महिन्यांची गैरसोय सोसावी, पण हा धोका पत्करू नये.

वाहनमालक आणि पालक

नोटीस व चलन नोंदणीपत्रावरील मालकाच्या नावे येते. वाहन विकून झाले तरी नोंदणी बदलली नसेल, तर दुसऱ्याच्या गुन्ह्याचे कागद जुन्या मालकाच्या दारी येतात. राज्यातल्या राज्यात वाहन विकल्यास विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविले पाहिजे. त्याची पोच जपून ठेवल्यास पुढील मनस्ताप टळतो. गुन्ह्याच्या वेळी वाहन कोण चालवीत होते, असे विचारले गेल्यास ती माहिती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

पालक व शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे अशी तरतूद कलम 199 अ मध्ये आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचे पालक अथवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड अशी शिक्षा आहे. वाहनाची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाची 25 वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या नकळत हे घडले किंवा ते टाळण्याची योग्य ती काळजी घेतली होती, हे पालकास स्वतः सिद्ध करावे लागते. हायस्कुलात स्कूटर घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याविषयी शाळेने पालकांस वेळीच कळविले, तर एका कुटुंबावरील मोठे संकट टळू शकेल.

अपघाताची प्रकरणे

अपघातात कोणी जखमी झाल्यास अथवा दगावल्यास प्रकरण निव्वळ वाहतूक गुन्ह्याचे राहत नाही. 1 जुलै 2024 पासून घडलेल्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्यास तिच्यात पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षांची होती. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे वेगळा चालतो. अशा प्रकरणी वकिलाच्या सल्ल्याशिवाय एकही पाऊल टाकू नये. अपघातानंतर पळून न जाता जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांस कळविणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य असून माणुसकीही तेच सांगते.

मोफत कायदेविषयक साहाय्य

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी न्यायालय टाळू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांस मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. तडजोडयोग्य प्रकरणे लोकअदालतीतही मिटविता येतात. तेथील निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील होत नाही. पंचायत सदस्य, ग्रामसेवक आणि शिक्षक यांनी ही माहिती वाड्यावाड्यांवर पोहोचविल्यास अनेकांची परवड थांबेल.

सत्तरीच्या त्या टेम्पोचालकास अखेर काय करावयाचे आहे? समन्स नीट वाचावे, तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, कागदपत्रे घेऊन म्हापशास वेळेवर जावे, आरोप समजून घ्यावा आणि जे खरे असेल तेच सांगावे. दंड झाला तर भरून पावती घ्यावी, जमत नसेल तर हप्ते मागावेत. एवढे केल्यास त्याचा एक दिवस खर्ची पडेल, पण टेम्पो आणि परवाना यांवर चालणारा संसार सावरलेला राहील. आणि पुढच्या शुक्रवारी गर्दी कितीही असली, तरी एकेरी रस्त्यावर उलट्या दिशेने न जाणे हेच त्याच्या व इतरांच्याही हिताचे ठरेल.